कमला सोहोनी, बटाटा आणि कडवे वाल

वालाचं बिरडं करायचं तर दोन दिवस आधी ठरवावं लागतं. सकाळी वाल भिजत घालायचे, रात्री पाणी ओतून देऊन फडक्यात घट्ट बांधायचे, बोटाच्या पेराएवढे मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दाणा बुळबुळीत, जरा जोर दिला की ओट्यावरून उडून थेट फ्रिजखाली. भिजवलेल्या पाण्याला एक उग्र वास येतो, तो हाताला दिवसभर राहतो. एवढा उपद्व्याप कशासाठी, असं लहानपणी विचारलं की आजी एका शब्दात विषय संपवायची: "बाधतात."

आजीचं म्हणणं बरोबर होतं. कच्च्या वालातलं काय बाधतं, हे मुंबईतल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जीवरसायनशास्त्र विभागात १९५० च्या दशकात शोधून काढलं गेलं. ते काम करवून घेणाऱ्या बाई म्हणजे डॉ. कमला सोहोनी, विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री.

हे नाव काढलं की सी. व्ही. रामन यांचा किस्सा येतोच. तो थोडक्यात सांगून टाकतो. कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. (थोरली बहीण दुर्गा. हो, आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी असलेल्या त्याच दुर्गाबाई भागवत.) १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला. संस्थेचे संचालक असलेल्या रामन यांनी, मुलगी आहे म्हणून, तो नाकारला. बाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम करावं लागेल, आणि हिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष पुरुषांचं, ते सांभाळायची जबाबदारी हिची! वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं, पुढे मुलींना प्रवेशही मिळू लागला. कमलाबाई मात्र तो अपमान म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत, आणि तसं त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखवलं.

माझी तक्रार अशी, की त्यांच्यावरचे बहुतेक लेख या दारापाशीच थांबतात. दार उघडल्यावर आत जाऊन बाईंनी काय केलं, ते दोन ओळींत उरकलं जातं, आणि त्या दोन ओळींतली एक बहुतेक वेळा चुकीची असते.

ती चूक अशी: "कमला सोहोनी यांनी सायटोक्रोम-सी शोधलं." नाही. सायटोक्रोम हे नाव केंब्रिजच्या डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये दिलं, आणि प्राणी, यीस्ट आणि वनस्पती या सगळ्यांत ते असतं असंही तेव्हाच मांडलं. कमलाबाईंचं काम त्यापुढचं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर आधी हे सायटोक्रोम करतं काय ते पाहायला हवं.

आपण खाल्लेली भाकरी पेशीत 'जळते'. मात्र चुलीत लाकूड जळतं तशी भडकून नाही. अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे दिले जातात आणि शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात. विहिरीवरून टाकी भरायची असली की माणसं रांग करून हातोहात घागरी पुढे देतात, तसं. दर टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा मोकळी होते आणि पेशी ती साठवून ठेवते. या रांगेतले बरेच गडी आपापल्या जागी पटलात, म्हणजे पेशीतल्या पातळ पडद्यात, रुतून उभे असतात. सायटोक्रोम-सी हा त्यातला पळता पोऱ्या. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उचलायचा, शेजारच्या मोठ्या प्रथिनाकडे नेऊन द्यायचा, रिकाम्या हातानं परत यायचं. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो, आणि इलेक्ट्रॉन धरायचं काम तोच करतो.

हा पोऱ्या दिसतो तो रंगावरून. इलेक्ट्रॉन हातात असला की तो हिरव्या प्रकाशातली एक अरुंद पट्टी, ५५० नॅनोमीटरच्या आसपासची, शोषून घेतो. वर्णपटदर्शकातून पाहिलं की तिथे काळी रेघ उमटते. यीस्टमध्ये किंवा माशीच्या पंखांच्या स्नायूंत ती ठळक दिसते. वनस्पतीत पंचाईत होते, कारण हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका दाट, की बाकीचे रंग त्यात बुडून जातात. बटाटा मात्र जमिनीखाली वाढतो, तो आतून पांढरा.

कमलाबाई १९३७ च्या अखेरीस केंब्रिजला पोचल्या. तिथे फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हे गृहस्थ त्या काळात बायकांना प्रयोगशाळेत मोकळेपणानं जागा देणाऱ्या थोड्या प्राध्यापकांपैकी. आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काही काम झालं, मग रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या, त्यात बटाट्याच्या, श्वसनावर. प्रकाशात हरितद्रव्य ऑक्सिजन कसा सोडतं यावरची 'हिल अभिक्रिया' ज्यांच्या नावानं ओळखली जाते, तेच हे हिल. सायटोक्रोम-सीकडून इलेक्ट्रॉन घेणारं ते मोठं प्रथिन, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज, फुलझाडांतही असतं हे दाखवणारं हिल आणि भागवत यांचं टिपण १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. म्हणजे बटाटाही श्वास घेतो तो त्याच यंत्रणेनं, ज्या यंत्रणेनं घोडा धावतो. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता आणि तो १४ महिन्यांत पुरा झाला, असं सांगतात. आजच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये.

बंगळूरला मागास आणि केंब्रिजला पुढारलेलं ठरवून मोकळं होता येत नाही. कमलाबाई तिथे संशोधन करत होत्या तेव्हा केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण पदवी आणि सदस्यत्व मिळत नव्हतं. ते मिळालं १९४८ मध्ये, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतर.

सायटोक्रोम-सी पुढे फार गाजलं. माणसातल्या त्याच्या साखळीत १०४ अमिनो आम्लं असतात. चिंपांझीतली साखळी अगदी तशीच, घोड्याची १२ जागी वेगळी. १९६७ मध्ये अशाच फरकांची मोजदाद करून सजीवांचा वंशवृक्ष काढला गेला. आणि १९९६ मध्ये कळलं, की पेशीला मरायचं असतं तेव्हा हाच पोऱ्या आपली जागा सोडून बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडणं हीच मरणाची वर्दी असते. ही बातमी आली तेव्हा कमलाबाई हयात होत्या. १९९८ मध्ये एका सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांनी गेल्या.

१९३९ मध्ये परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये लग्न झाल्यावर मुंबई. मुंबईत आल्यावरचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण ते आपल्या फडताळातल्या डब्यांवरचं आहे.

आपण खाल्लेल्या प्रथिनांचे लहान आतड्यात तुकडे करणारी जी विकरं (एन्झाइम) आहेत, त्यांत ट्रिप्सिन हे महत्त्वाचं. ते स्वादुपिंडातून येतं आणि प्रथिनाची साखळी ठरावीक ठिकाणीच कापतं: लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्लं दिसतील तिथे. वालासारख्या कडधान्यांत एक लहानसं प्रथिन असतं, त्याच्या कडेला एक वळसा बाहेर आलेला असतो आणि त्या वळशावर नेमकं हेच आमिष लावलेलं असतं. ट्रिप्सिन घास समजून तोंड घालतं आणि तिथेच अडकतं. दाढेत बसलेल्या चिक्कीसारखी गत, ना चावता येत, ना सुटत. एकेक ट्रिप्सिन असं जायबंदी झालं की बाकीची प्रथिनं अर्धवट पचून पुढे जातात. त्याची भरपाई म्हणून स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन बनवत सुटतं. उंदरांना आणि कोंबडीच्या पिलांना कच्चं सोयाबीन खाऊ घातलं तर त्यांचं स्वादुपिंड सुजल्यासारखं मोठं होतं आणि वाढ खुंटते. शिजवलेल्या सोयाबीनवरच उंदीर धड वाढतात, हे १९१७ मध्येच अमेरिकेत दिसलं होतं, पण कारण कळायला पुढची बरीच वर्षं गेली.

हे रोधक प्रथिन पकडतात कसं? दुधातलं केसीन घ्यायचं, त्यात ट्रिप्सिन टाकायचं आणि ठरावीक मिनिटांत किती तुकडे पडले ते मोजायचं. मग तेच सगळं पुन्हा, पण या वेळी वालाच्या पिठाचा अर्क घालून. तुकडे कमी पडले की चोर अर्कात आहे. मात्र अर्कात शेकडो प्रथिनं असतात, त्यातून नेमकं एक निवडायचं तर क्षार टाकून थोडं थोडं साक्यासारखं तळाला बसवत, गाळत, पुन्हा विरघळवत जावं लागतं. शेवटी त्याचे स्फटिक मिळाले, की हाताशी आलेलं प्रथिन शुद्ध असल्याचा चांगला पुरावा मिळाला, असं त्या काळी मानत. सोयाबीनमधल्या रोधकाचे स्फटिक अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी १९४५ मध्ये मिळवले होते. वाल आणि डबल बी यांतल्या रोधकांचे स्फटिक मुंबईत सोहोनी आणि त्यांचे सहकारी के. एस. अंबे यांनी मिळवले, आणि १९५५ मध्ये तेही 'नेचर'मध्ये छापून आलं. बिरड्याचे वाल 'नेचर'मध्ये! मला तर पेढे वाटावेसे वाटतात.

वाल हे प्रथिन बनवतो तरी कशाला? आपल्याला छळायला नक्कीच नाही. १९७२ मध्ये असं दिसलं, की टोमॅटो-बटाट्याचं पान किड्यानं कुरतडलं की पानात असली रोधक प्रथिनं साठू लागतात, आणि न कुरतडलेल्या पानांतही. किड्याचं पोट बिघडवायचं हे शस्त्र आहे. बी म्हणजे तर झाडानं पुढच्या पिढीला बांधून दिलेली शिदोरी, तिच्यावर पहारा हवाच.

हा पहारा उठवायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उष्णता. शिजवल्यावर प्रथिनाची घडी मोडते आणि आमिषाचा वळसा सैल पडतो. पण कडधान्यांतली काही रोधक प्रथिनं चिवट असतात. लहानशा रेणूला गंधकाच्या अनेक टाक्यांनी जागोजागी शिवून टाकलेलं असतं, त्यामुळे वरवरच्या चटक्याला ती दाद देत नाहीत. म्हणून वाल बोटचेपे होईपर्यंत शिजवायचे. मोड आणल्यानंही फरक पडतो, पण तो कडधान्याच्या जातीवर आणि किती दिवस मोड आणले यावर अवलंबून असतो. 'मोड आले म्हणजे कच्चे खाल्ले तरी चालतात' हे हल्लीचं सॅलडवाल्यांचं तत्त्वज्ञान वालाच्या बाबतीत विसरलेलं बरं. रायगडात थंडीत पोपटी लावतात, तिथेही शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं चांगलं भाजून काढतात; अर्धकच्च्या शेंगा कोणी पानात घेत नाही.

नीरेचं कामही मुंबईतलंच. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ते हाती घेतलं. ताडा-माडाचा पहाटे उतरवलेला हा रस, त्यात साधारण १० ते १५ टक्के साखर. ऊन वर आलं की त्यातलं यीस्ट कामाला लागतं आणि नीरेची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना फासतात, त्या अल्कधर्मी रसात यीस्टचं फारसं चालत नाही. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली, आणि या कामासाठी बाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आज स्टॉलवर नीरा पिताना एक लक्षात असावं, की हे निष्कर्ष पोटाला पुरेसं न मिळणाऱ्यांवरचे होते. आपल्यासारख्यांसाठी ती चविष्ट साखर आहे.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही ते मिळायला सुमारे चार वर्षांचा उशीर झाला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात अन्नभेसळ, ग्राहकांची सुरक्षितता अशा विषयांवर लिहीत.

त्यांचे मूळ निबंध कोणाला चाळायचे असतील तर एक अडचण येईल. केंब्रिजच्या कामावर नाव 'के. भागवत' असं आहे, वालावरच्या कामावर 'के. सोहोनी'. १९४७ ही सरळ रेघ धरावी तर तीही पक्की नाही. बटाट्याच्या दिवसांतलं वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं हिल यांच्याबरोबरचं काम विस्तारानं छापून आलं ते १९५१ मध्ये, लग्नानंतर चार वर्षांनी, आणि तिथेही नाव भागवतच आहे.