वाचनालयात व्याख्यान आलं कुठून?

पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या दारातला फळा जरूर वाचावा. उन्हाळ्यात त्यावर व्याख्यानमालेतल्या वक्त्यांची नावं आणि मुलांच्या शिबिराची वेळ असते. जून-जुलैत गुणवंतांचा सत्कार, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, दिवाळीत अंकांची योजना, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. हे सगळं पाहून पुष्कळांचा समज होतो, की वाचक घटले म्हणून वाचनालयांनी कार्यक्रम धरले. मुलं मोबाइलमध्ये गेली, मग त्यांना गोष्टी सांगायला बोलवा; सभासद येत नाहीत, मग एखादा वक्ता आणा. हा समज मला मान्य नाही. आपल्याकडे वाचनालय आणि सभा जवळजवळ एकाच वेळी जन्माला आली, आणि बऱ्याच गावांत एकाच खोलीत वाढली. ती कशी, हे पुण्याच्याच इतिहासात नीट दिसतं.

मराठी मुलखातली सर्वांत जुनी वाचनालयं पुण्याबाहेरची. रत्नागिरीचं १८२८ सालचं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. सुरुवातीला त्यांच्यामागे इंग्रज अधिकाऱ्यांचा हात होता आणि वाचणारेही मोजकेच, बहुतेक सरकारी नोकरीतले. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकारानं ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ बुधवारवाड्यात सुरू झाली. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याच वर्षी त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. एकाच पेठेतली ही दोन दारं. पण एका दारानं आत जाणारी माणसं दुसऱ्या दारी फारशी दिसली नसतील. ही तफावत पुढच्या सगळ्या गोष्टीत सोबत राहते, म्हणून ती इथंच सांगून टाकलेली बरी.

वाचनालयात सभा शिरली त्याला एक साधं कारण होतं. छापील मजकूर महाग होता आणि वाचता येणारे थोडे. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये निघू लागला, ‘केसरी’ १८८१ मध्ये आला. अंक एक आणि ऐकणारे दहा, अशी स्थिती असली की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, मग ऐकलेल्यावर वाद घालायचा, हे ओघानंच येतं. कीर्तन आणि पुराण ऐकत आलेल्या समाजाला असं ऐकणं नवं नव्हतंच, नवा होता तो विषय.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाचनालय वर्गणीवर चालायचं. वर्गणी आली की सभासद आले, सभासद आले की कार्यकारी मंडळ आलं, वार्षिक सभा आली, हिशेब मांडणं आलं. ठराव मांडणारा सूचक, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक, मतदान, इतिवृत्त वाचून कायम करणं, ही सगळी रीत एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक माणसांनी नगरपालिकेत किंवा परिषदेत जाण्याआधी अशाच छोट्या संस्थांमध्ये गिरवली. कोणती पुस्तकं घ्यायची यावर भांडता भांडता माणसं सार्वजनिक बोलायला शिकली. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा असं बोलण्याची सवय असलेली एक पिढी शहरात तयार होती.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात बदलून आले आणि या सवयीला वेळापत्रक मिळालं. १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वतींची व्याख्यानं पुण्यात झाली आणि त्यांच्या मिरवणुकीला सनातन्यांचा विरोध झाला, तेव्हा फुले आपल्या माणसांसह मिरवणुकीत उभे राहिले. व्याख्यान ही तेव्हा निरुपद्रवी करमणूक नव्हती, हे यावरून कळावं. पुढं १८७८ च्या ११ मे रोजी लोकहितवादी आणि रानडे यांनी हिराबागेत मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची मोजणी तिथूनच सुरू होते. वाचनालय काढणाऱ्यांतले लोकहितवादी आणि व्याख्यानमाला चालवणारे रानडे या दोघांनी मिळून लेखकांची बैठक बोलवावी, यात योगायोग कमी आणि स्वभाव जास्त आहे. मे महिना निवडण्यातही व्यवहार दिसतो. कोर्टांना आणि शाळांना सुट्टी, वकील-शिक्षक मोकळे, संध्याकाळी वारं सुटलेलं. तालुक्याच्या व्याख्यानमाला आजही याच दिवसांत का होतात, त्याचं उत्तर या सुट्टीत आहे.

त्यानंतरच्याच वर्षी, १३ मे १८७९ च्या रात्री, बुधवारवाडा आगीत जळाला. विश्रामबागवाड्यालाही त्याच रात्री आग लावली गेली. वाडा गेला, पण वर्गणीदारांची संस्था टिकली. आणि पुढं त्याच विश्रामबागवाड्यात शासकीय विभागीय ग्रंथालय आलं.

१८८५ मध्ये ग्रंथकारांची दुसरी सभा ठरली तेव्हा रानड्यांनी फुल्यांनाही निमंत्रण दिलं. फुल्यांनी यायला नकार देणारं जे पत्र लिहिलं, ते ‘घालमोड्या दादां’चं पत्र म्हणून प्रसिद्ध आहे; त्या ग्रंथकारांना फुल्यांनी दिलेलं हे उपरोधिक नाव. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा मथितार्थ. वाचनालयांच्या इतिहासात हे पत्र क्वचितच घेतलं जातं, आणि ते घेतलंच पाहिजे. वर्गणी भरली की दार उघडं, हे कागदावर खरं होतं. पण ती वर्गणी कोणाला परवडत होती, मंडळावर कोण होतं, व्याख्यानाला पुढच्या रांगेत कोण बसत होतं, याचं उत्तर गावातल्या सगळ्यांना माहीत असायचं. बायकांचं तर वेगळंच. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं, ते याच अनुभवातून. वाचनालयात बायकांनी पुस्तक बदलायला येणं रूढ होण्याआधी बराच काळ पुस्तक घरी आणायचं ते भावानं नाहीतर नवऱ्यानं, आपल्या आवडीनं निवडून.

सार्वजनिक गणेशोत्सवानं १८९३-९४ पासून व्याख्यान पुण्याबाहेर नेलं. रेल्वेच्या कडेच्या गावांत पुण्या-मुंबईचा वक्ता संध्याकाळच्या गाडीनं उतरू लागला, आणि त्याची उतरायची-बसायची जागा म्हणजे वाचनालय. याच काळात मराठी पुस्तकांचा आग्रह धरणारी ग्रंथसंग्रहालयं उभी राहिली. ठाण्याचं १८९३ मध्ये, मुंबईचं १८९८ मध्ये, तर पुणे मराठी ग्रंथालय १९११ मध्ये.

मुलांचे उपक्रम मात्र पुण्यातून फारसे आले नाहीत, ते बडोद्याच्या वाटेनं आले असं माझं मत आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, बायकांसाठी वेगळं ग्रंथालय, मुलांसाठी खेळांची खोली, आणि न वाचता येणाऱ्यांसाठी पडद्यावर चित्रं दाखवण्याची सोय, हे सगळं तिथं शंभर वर्षांपूर्वी होतं. बडोद्यातला मराठी समाज मोठा, पुण्याशी रोजचं येणं-जाणं. आज फिरती पेटी शाळेत पाठवणारं एखादं तालुका वाचनालय पाहिलं की मला बडोदा आठवतं. पेटीत वीस-पंचवीस पुस्तकं, झाकणाच्या आत चिकटवलेली यादी, वर्गातल्या एका मुलाकडे किल्ली आणि वही. मुलं ती वही फार चोख ठेवतात.

दिवाळी अंकांची योजना हाही आपल्याकडचा खास उपक्रम. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. अंक पुष्कळ आणि प्रत्येकी महाग, घरी सगळे घेणं कोणालाच परवडत नाही, म्हणून वाचनालय एकरकमी वेगळी वर्गणी घेऊन दोन-तीन महिने अंक फिरवतं. ग्रंथपालाच्या टेबलावर त्या आठवड्यांत पाहावं. प्रत्येक अंकाला खाकी कागदाचं कव्हर, वर मार्करनं मोठ्या अक्षरात नाव, पाठीला दोन जास्तीच्या पिना, कारण फेब्रुवारीपर्यंत तो पन्नास हातांतून जाणार असतो. वाचून झालेला अंक परत करायला आलेली बाई दुसरा अंक कधी मोकळा होईल विचारते, आणि रांगेतल्या दुसरीला सांगते, की पहिली कथा सोडून दे, शेवटची वाच. अशा रांगेतून एखादा वाचक कट्टा उभा राहतो. कार्यक्रम म्हणून कोणी तो जाहीर केलेला नसतो.

आता कायद्याकडे. मुंबई सरकारनं १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत टप्प्याटप्प्यानं रचना करावी, असं तिनं सुचवलं. पैसे नव्हते, युद्ध आलं, फारसं घडलं नाही. स्वातंत्र्यानंतर मद्रास प्रांतानं १९४८ मध्ये, ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून, ग्रंथालयाचा कायदा केला आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. लोकांनी काढलेल्या, लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता द्यायची, अ-ब-क-ड असे वर्ग पाडायचे आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं, असा मार्ग आपण धरला. १९७० च्या नियमांनी तो पक्का केला.

या एका निवडीमुळे आपल्या वाचनालयांचं रूप ठरलं. राज्यात बारा हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं झाली, ती मुख्यतः गावकऱ्यांच्या उत्साहावर. संस्था सभासदांचीच राहिली, म्हणून व्याख्यानमाला टिकली. पण अनुदान पगाराला आणि पुस्तकांनाच पुरत नाही, तर कार्यक्रमाला कुठून येणार? म्हणून मग ‘पुष्प’ आलं. व्याख्यानमालेतलं प्रत्येक व्याख्यान म्हणजे एक पुष्प, आणि ते कोणाच्या तरी आई-वडिलांच्या स्मरणार्थ. देणगीदार वक्त्याचं मानधन आणि जाण्या-येण्याचा खर्च देतो, व्यासपीठावर फोटोला हार घातला जातो, शाल-श्रीफळ होतं, मग वक्ता बोलतो. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यामुळे गावातलं एक कुटुंब दरवर्षी वाचनालयाशी बांधलेलं राहतं. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. संतसाहित्य, शिवचरित्र, आरोग्य, सुखी संसार या विषयांना पुष्प लगेच मिळतं. पाणी, शेतीचं कर्ज, जात, बायकांचे कायदे यांना देणगीदार शोधावा लागतो. रानड्यांच्या काळी व्याख्यानावरून गावात दोन तट पडत. आज वाद होऊ नये याची काळजी आधी घेतली जाते. यात मला वाचनालयांचं नुकसान दिसतं.

दुसरी मला खटकणारी गोष्ट म्हणजे फोटोपुरती जयंती. प्रतिमेला हार, पाच जण उभे, फोटो गटावर, अहवालात एक ओळ. त्याच महापुरुषाची चार पुस्तकं त्या दिवशी टेबलावर मांडून ठेवायला पाच मिनिटं लागतात. उलट डॉ. आंबेडकरांच्या जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाला बसण्याचा जो उपक्रम कॉलेजांत, वसतिगृहांत आणि ग्रंथालयांत होतो, तो मला या साऱ्या दिनदर्शिकेतला सर्वांत खरा वाटतो. ज्या वर्गाला एके काळी दाराबाहेर उभं राहावं लागलं, त्या वर्गातली मुलं तिथं रात्री उशिरापर्यंत वही उघडून बसतात. जयंतीचं याहून चांगलं रूप मला माहीत नाही.

करोनात मार्च २०२० पासून वाचनालयांना कुलूप लागलं, आणि राज्यात ती पुन्हा उघडली ती १५ ऑक्टोबर २०२० ला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनीच. मधल्या महिन्यांची वर्गणी बुडाली. ज्येष्ठ सभासदांपैकी काही परत आलेच नाहीत. अनेक ठिकाणी संस्था तगली ती अभ्यासिकेच्या शुल्कावर. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. पुण्यात खोली परवडत नाही ती मुलं आपल्या तालुक्यातच वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसतात. कथा-कादंबरीच्या कपाटाशी त्यांचा संबंध कमी असतो, हे खरं. पण ज्या वाचनालयांनी याच मुलांना शिबिरात गोष्ट वाचून दाखवायला बसवलं, त्यांच्याकडे शिबिर चालवायला कधी माणूस कमी पडला नाही.

२०१२ नंतर बराच काळ नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं थांबलं होतं. त्याच काळात पुण्याच्या कडेची वाघोली, हिंजवडीसारखी गावं पाहता पाहता शहर झाली. डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, त्याला या भागांतून लोक मुलांना घेऊन येतात, पिशव्या भरून पुस्तकं नेतात. ही गर्दी पाहता वाचणाऱ्यांची वानवा आहे, असं म्हणता येत नाही. वानवा आहे ती त्यांच्या घराजवळ वर्गणी भरून सभासद होता येईल, वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारता येईल, अशा संस्थेची. जुन्या गावांना ती आयती मिळाली, कारण तिथं कोणीतरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरलं होतं. नव्या वस्त्यांमध्ये सोसायटीच्या क्लबहाउसात चार कपाटं आणि रविवारची गोष्ट एवढ्यावर काहींनी सुरुवात केली आहे. शासनाच्या यादीत त्यांचं नाव नाही, आणि अनुदानही नाही.