अवघड इंग्लिश शब्द डोक्यात टिकतात कसे

परदेशात पुढचं शिकायला जाण्यासाठीच्या जीआरई परीक्षेची तयारी करणारी पोरं असोत नाहीतर हौसेनं इंग्लिश वाढवणारं कुणी, पद्धत बहुतेक तीच, शब्दांची यादी काढायची, हायलायटर फिरवायचा आणि रोज वाचत बसायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं म्हणून वाटतं की आलं आपल्याला. पण शब्द ओळखणं वेगळं आणि तो न बघता आठवणं वेगळं, खरी गोची तिथंच होते.

2008 साली जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द इंग्लिश अर्थासकट शिकवले, म्हणजे ‘माशुआ’ म्हणजे होडी, असे. एकदा बरोबर आलेला शब्द एका गटाला पुढं नुसता वाचायला देत राहिले, विचारला नाही, आणि दुसऱ्या गटाला बरोबर उलटं, परत दाखवलाच नाही, फक्त विचारत राहिले. आठवड्यानं बघितलं तर वाचणाऱ्यांना साधारण 36 टक्के शब्द आठवले आणि दुसऱ्यांना 80 टक्के! मला तर याहून मोठी गोष्ट ही वाटते की आधी अंदाज विचारला तेव्हा सगळेच गट ‘निम्मे आठवतील’ म्हणाले होते, म्हणजे कुठली पद्धत लागू पडतेय हे शिकणाऱ्याला स्वतःला कळतच नाही.

म्हणून मी वही सोडली आणि बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, मागं अर्थ, अर्थ बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात आणि तो कप्पा जरा उशिरानं उघडायचा, चुकला की परत पहिल्यात. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं 1970 च्या दशकात लोकांपर्यंत नेली. विसरायला लागलोय तेवढ्यात आठवायला लागतं, जरा ताण पडतो, आणि त्या ताणानंच शब्द पक्का होतो.

तरी ‘ऑब्सिक्विअस’ची चिठ्ठी महिनाभर पहिल्या कप्प्यातून हलेना. अर्थ लाळघोटेपणा करणारा. मग त्याचं मूळ शोधलं तर लॅटिनमधलं ‘सेक्वी’, म्हणजे मागोमाग जाणं, आपल्याला माहीत असलेला सिनेमाचा सीक्वेल त्यातूनच आलाय. म्हणजे साहेबाच्या मागं मागं फिरणारा तो ऑब्सिक्विअस, आणि आपण मराठीत त्याच माणसाला म्हणतो, पुढं पुढं करणारा! त्या दिवसापासून ती चिठ्ठी एकदाही मागं आली नाही.