ओर्काच्या तोंडी पाणमांजर कसं आलं? अल्युशियन बेटांची पार्श्वभूमी

अलास्काच्या टोकापासून रशियाच्या दिशेने अल्युशियन बेटांची माळ पसरली आहे. १९९०च्या दशकात इथली समुद्री पाणमांजरं झपाट्याने दिसेनाशी झाली. मेलेली जनावरं किनाऱ्याला लागत नव्हती, रोगाची किंवा उपासमारीची खूणही सापडेना. ओर्का (किलर व्हेल) त्यांना खात आहेत, असा निष्कर्ष सागरी परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स एस्टिस आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडला. या घसरणीची मुळं मात्र फार जुनी आहेत.

१७४१च्या नोव्हेंबरात रशियासाठी शोधमोहिमेवर निघालेल्या व्हिटस बेरिंगचं जहाज रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पाजवळच्या एका निर्जन बेटावर अडकलं आणि फुटलं. बेरिंग तिथेच वारला. उरलेल्यांनी पाणमांजरांचं मांस खाऊन हिवाळा काढला आणि परतताना शेकडो कातडी सोबत आणली. या प्राण्याच्या अंगात सीलसारखा चरबीचा थर नसतो, त्याला थंडीतून वाचवते ती फर. चौरस सेंटीमीटरला लाखाहून अधिक केस! चीनच्या बाजारात या फरला अफाट भाव मिळाला. रशियन व्यापाऱ्यांनी बेटांवरच्या उनांगन लोकांच्या घरच्यांना ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीला जुंपलं. बेरिंगसोबतच्या गेओर्ग स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने वर्णन केलेली महाकाय समुद्री गाय तर १७६८पर्यंत संपलीच.

१९११ साली अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन (कॅनडाच्या वतीने) यांनी करार केला. तो मुख्यतः फर सीलसाठी होता, पण पाणमांजरांनाही त्यात संरक्षण मिळालं. तोवर जगात ती जेमतेम हजार-दोन हजार उरली होती. अल्युशियनमधल्या अम्चिट्का बेटाजवळ एक टोळी तगली आणि वाढली. पुढे याच बेटावर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या, आणि त्यांच्या परिणामांच्या अभ्यासासाठी आलेल्या शास्त्रज्ञांत तरुण एस्टिसही होते.

अम्चिट्काभोवती त्यांना केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्री शैवालाचं, दाट जंगल दिसलं. मग ते याच माळेतल्या शेम्या बेटावर गेले. तिथे पाणमांजरं परतली नव्हती, आणि तळाशी केल्पऐवजी सी अर्चिनांचा, म्हणजे केल्प खाणाऱ्या काटेरी गोळ्यांसारख्या प्राण्यांचा, खच पडलेला होता. पाणमांजर अर्चिन खातं म्हणून केल्प टिकतं, हे या दोन बेटांच्या तुलनेतून कळलं. जॉन पाल्मिसानो यांच्यासोबत एस्टिस यांनी १९७४ साली हे प्रसिद्ध केलं. एका शिकारी प्राण्यावर सगळा किनारा कसा उभा असतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

ओर्काबद्दलचा पुरावाही असाच, शेजारशेजारच्या दोन जागांचा. अडॅक बेटावरच्या क्लॅम लगूनचं तोंड उथळ आणि अरुंद आहे, ओर्का आत शिरू शकत नाहीत. तिथली पाणमांजरं टिकली. लगत असलेल्या खुल्या कुलुक उपसागरात ती चार वर्षांत सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. फक्त पाणमांजरांवर जगणारे चार ओर्कासुद्धा विस्तीर्ण पट्ट्यातली सगळी घट घडवू शकतात, असंही १९९८च्या त्या अभ्यासातल्या गणितातून निघालं.

पण ओर्का इकडे वळलेच का? २००३ साली ॲलन स्प्रिंगर, एस्टिस आणि इतरांनी मांडलं, की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या यांत्रिक शिकारीने मोठे व्हेल संपवले, तेव्हा ओर्का आधी सीलकडे, मग स्टेलर सी लायन या सीलसारख्या मोठ्या प्राण्याकडे आणि शेवटी पाणमांजरांकडे वळले. घसरणीचा क्रम जुळतो, म्हणून ही मांडणी ओढ लावते. विरोधकांचे आक्षेपही वजनदार आहेत: ओर्का पूर्वी मोठ्या व्हेलवर इतके अवलंबून असल्याचा पुरावा तोकडा आहे, आणि १९७६-७७ला समुद्राचं हवामानही बदललं होतं. मला स्वतःला एकच कारण पुरेसं वाटत नाही.

हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. १९७२च्या अमेरिकी सागरी सस्तन प्राणी कायद्याने ओर्का, सी लायन, पाणमांजर सगळ्यांनाच संरक्षण आहे. सी लायन १९९०ला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेले, १९९७ला त्यांचा पश्चिमेकडचा गट अधिक गंभीर वर्गात टाकला गेला. त्यांच्या प्रजननस्थळांभोवती पोलॉक, कॉड आणि अटका मॅकरेल या त्यांच्या खाद्य माशांच्या मासेमारीवर बंधनं आली. मासेमारांचा सवाल रास्त होता: घट ओर्कामुळे असेल, तर बंधन आमच्यावर का? नैऋत्य अलास्कातली पाणमांजरं २००५ साली यादीत आली. त्यांच्या २०१३च्या पुनरुज्जीवन आराखड्यात शिकारी प्राण्यांचा हल्ला हाच मुख्य धोका ठरवला आहे, आणि त्यावर थेट उपाय जवळपास नाही. दरम्यान मोकाट अर्चिन केल्प संपवून आता समुद्रतळाचा थर रचणाऱ्या चुनखडीयुक्त लाल शैवालाला पोखरू लागले आहेत, आणि पाणी तापतं तसा हा वेग वाढतो आहे.