आर्लचे ॲम्फिथिएटर: खेळांच्या मधली हजार वर्षे

दक्षिण फ्रान्समधील आर्लच्या ॲम्फिथिएटरमध्ये आजही बैलांचे खेळ होतात. त्यावर बोलणे निघाले की रोमन काळापासून सलग चालत आलेली परंपरा असे चित्र सहज उभे राहते. मधली हजारहून अधिक वर्षे मात्र तिथे खेळ नव्हता, वस्ती होती.

नावाचा घोळ आधी सोडवायला हवा. आपल्याकडे कॉलेजच्या आवारातील अर्धगोल पायऱ्यांच्या खुल्या रंगमंचालाही ॲम्फिथिएटर म्हणतात. रोमन हिशेबाने ते नुसते थिएटर. आर्लमध्ये दोन्ही वास्तू हाकेच्या अंतरावर असल्याने फरक लगेच कळतो. थिएटर अर्धगोल, नाटकासाठी; ॲम्फिथिएटर लंबगोल, प्रेक्षक चहूबाजूंनी. ग्रीक 'अँफी' म्हणजे दोन्ही बाजूंनी. स्थानिक लोक त्याला 'आरेन' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या वाळूवरून आला. मैदानात सांडलेले रक्त शोषायला ती पसरत.

इमारत इ.स. ९० च्या सुमाराची. लांबी १३६ मीटर, रुंदी १०७. प्रत्येकी ६० कमानींचे दोन मजले आणि सुमारे २० हजार प्रेक्षकांची सोय. ग्लॅडिएटरच्या झुंजी आणि श्वापदांच्या शिकारी सर्वांना ठाऊक आहेत.

रोमन सत्ता ढासळल्यावर शहर आक्रसले आणि लोक या भक्कम भिंतींच्या आसऱ्याला आले. कमानी बुजवून खोल्या केल्या, रोमन खांबांना टेकून घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, वर टेहळणीचे चार बुरूज चढले. आत दोनशेहून अधिक घरे, दोन चॅपेल, मधोमध चौक. या वास्तूचा सर्वांत दीर्घ वापर हाच. कित्येक पिढ्या इथे जन्मल्या, नांदल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही घरे ताब्यात घेऊन पाडण्यात आली. रोमन वास्तू मोकळी दिसावी, हा हेतू. त्याचा फायदा नाकारता येत नाही: बुजलेल्या कमानी उघडल्या, पायऱ्या दिसू लागल्या, डागडुजी शक्य झाली. पण रोमन तेवढे खरे आणि नंतरचे सगळे अतिक्रमण, हा त्यामागचा निवाडा आज पटत नाही. दोनशे घरांचे ते गावही इतिहासच होते, आणि पाडलेले परत उभे करता येत नाही.

मैदान मोकळे होताच खेळ आले. १८३० मध्ये फ्रेंच फौजांनी अल्जीयर्स घेतल्याच्या आनंदात इथे बैल सोडले गेले. १८८८ मध्ये आर्लला राहायला आलेल्या व्हॅन गॉग या डच चित्रकाराने हे मैदान रंगवले, तेव्हा चित्र भरले ते पाठमोऱ्या गर्दीने. बैल दूर मागे, इवलासा.

बैलांचे खेळ क्रौर्य की परंपरा, या आजच्या वादात दोन निरनिराळे खेळ एकत्र केले जातात. स्पॅनिश धर्तीच्या कोरिडा या बैलझुंजीत बैल मारला जातो. आर्लजवळच्या कामार्ग भागातल्या पद्धतीच्या खेळात पांढऱ्या कपड्यांतले तरुण हातातल्या आकड्याने बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे आणि दोऱ्या काढतात. बैल जिवंत कुरणात परततो आणि नामांकित बैलाचे नाव पोस्टरवर ठळक छापले जाते. प्राणिक्रौर्याविरुद्धच्या फ्रेंच कायद्यात अखंड स्थानिक परंपरा असेल तिथे कोरिडाला सूट आहे. २०१२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायपीठाने ती कायम ठेवली. ही अखंडता मोजायची ती अलीकडच्या काळातली. रोमन शिकारींशी तिचा धागा जुळत नाही.

चार बुरुजांपैकी तीन पाडले गेले नाहीत. त्यातल्या एकावर चढले की खाली रोमन पायऱ्यांचा संपूर्ण लंबगोल दिसतो. वस्तीच्या काळाची ठळक खूण म्हणून आता ते तीन बुरूजच उरले आहेत.