फिल्टर लावला की इंटरनेट किती मंदावतं?

२००८ साली ऑस्ट्रेलियाच्या दूरसंचार नियामकाने इंटरनेट कंपन्यांसाठी बनवलेले सहा फिल्टर प्रयोगशाळेत तपासून घेतले. नको त्या साइट अडवणं हे सगळ्यांचं एकच काम. एकाने नेटवर्कचा वेग जेमतेम २ टक्क्यांनी घटवला, तर दोघांनी ७५ टक्क्यांहून जास्त. एवढी तफावत कशी?

पहिला संशय अडवायच्या साइटच्या यादीवर जातो, पण यादी बिचारी निर्दोष असते. हॅश टेबल, म्हणजे प्रत्येक नोंदीची जागा तिच्यावरूनच काढता येईल अशी मांडणी. नीट मांडलेल्या हॅश टेबलात हजार पत्ते असोत की दहा लाख, शोधायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. खर्च येतो तो पॅकेटमध्ये, म्हणजे माहिती ज्या छोट्या तुकड्यांत पाठवली जाते त्यांत, किती खोल डोकावायचं याचा.

सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारी एक लिंक घ्या. सर्वांत लहान पॅकेटं सलग आली, तर सेकंदाला जवळपास दीड कोटी होतात. एकेका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. संगणकाच्या मुख्य मेमरीतून एक नोंद वाचायलाच साधारण तेवढा वेळ जातो. राउटर हे निभावतो, कारण तो फक्त आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या यंत्राचा क्रमांक) बघतो, तोही त्याच कामासाठी घडवलेल्या चिपमध्ये. डीएनएसवरचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवरचा, फिल्टर याहून स्वस्त. साइटचं नाव विचारलं जातं तेवढीच तपासणी. नंतर येणाऱ्या व्हिडिओच्या पॅकेटांना कोणी हातही लावत नाही.

गाडी अडते ती एकच पान अडवायचं म्हटलं की. एका आयपी पत्त्यावर हजारो साइट नांदू शकतात; पत्ताच बंद करणं म्हणजे एका भाडेकरूपायी अख्खी इमारत सील करणं. मग पॅकेटं जुळवून मागणी वाचायची, प्रत्येक कनेक्शनचा हिशेब ठेवायचा आणि त्यासाठी ट्रॅफिक फिल्टरच्या पेटीकडे वळवायचा. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरच्या वळशाला ५ मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ, पण एक पान उघडायला अशा कित्येक फेऱ्या होतात. स्पीड टेस्ट झकास आणि पान मात्र रेंगाळतंय, असं होतं ते यामुळेही.

ब्रिटिश टेलिकॉमच्या ‘क्लीनफीड’ या फिल्टरने २००४ मध्ये यावर हुशार तोड काढली: आधी ढोबळ आयपी तपासणी आणि संशयित तेवढेच प्रॉक्सीकडे, म्हणजे ग्राहकाच्या वतीने साइटशी बोलणाऱ्या मधल्या संगणकाकडे. वेग वाचला. पण डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या बंदीयादीत विकिपीडियाचं एक पान आलं आणि बड्या कंपन्यांचे असंख्य ग्राहक विकिपीडियाला मोजक्याच प्रॉक्सींच्या पत्त्यांवरून आल्यासारखे दिसू लागले. एका खोडसाळ माणसाचा पत्ता बंद केला की बाकीचेही संपादनाला मुकायचे!

आता बहुतेक ट्रॅफिक एचटीटीपीएसचा, म्हणजे कूटबद्ध. फिल्टरला साइटचं नाव दिसतं, पान दिसत नाही. पान बघायचंच तर कनेक्शन मध्येच उलगडायचं, पुन्हा कूटबद्ध करायचं आणि प्रत्येक ग्राहकाच्या फोनने या मधल्या पेटीवर विश्वास ठेवावा म्हणून त्यात आपलं डिजिटल प्रमाणपत्र घालायचं. ऑफिसच्या नेटवर्कवर हे चालतं. लाखो ग्राहकांच्या कंपनीला ते झेपणारं नाही, आणि माझ्या मते झेपूही नये. त्यात ‘एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो’ हे नवं तंत्र साइटचं नावही झाकून टाकतं. ते सर्वत्र रुळलं, तर कितीही वेगवान पेटी बसवली तरी तिला वाचायला उरेल तो बहुतेक वेळा नुसता आयपी पत्ता.