स्केटची टाच उघडते तेव्हा

पहिल्यांदा बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची रेस आवाज मोठा करून बघितली ना, तेव्हा मला खरंच वाटलं की कुणाचा तरी स्केट मोडलाय. प्रत्येक पावलाला ठक, ठक, ठक. मग स्लो मोशन दाखवलं तर पाय उचलताना बुटाची टाच ब्लेडपासून चक्क सुटी होत होती, आणि पाय हवेत गेला की स्प्रिंगने ब्लेड परत टाचेवर आपटत होतं. तुटलं बिटलं काही नाही, स्केटच तसा असतो. क्लॅप स्केट.

आता हे कशाला? तर बर्फावर मागे रेटा देऊन पुढे जाताच येत नाही, ब्लेड लांबीच्या दिशेने नुसतं घसरतं. म्हणून स्केटर ब्लेड जरा तिरकं धरून बाजूला रेटतो. पाय पूर्ण सरळ होत आला की टाच आपोआप उचलायला बघते, चवड्यावर उभं राहतो तसं, आणि जुन्या स्केटला ब्लेड पक्कं ठोकलेलं असल्यामुळे त्याचं पुढचं टोक बर्फात रुतायचं. मग स्केटर काय करायचे, टाच दाबून ठेवायचे आणि पाय सरळ व्हायच्या आतच उचलून घ्यायचे, म्हणजे रेट्याचा शेवटचा भाग वायाच. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रिये युनिव्हर्सिटीत खेरिट यान फान इंगेन स्खेनाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवड्याखाली बिजागरी बसवली. टाच उचलली तरी अख्खं ब्लेड बर्फावरच, रेटा शेवटपर्यंत लागतो.

गंमत म्हणजे मोठ्या स्केटर्सनी सुरुवातीला याला भावच दिला नाही. 1996-97 च्या सीझनमध्ये डच मुली हे घालून जिंकायला लागल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. 1994 च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या योहान ओलाव कोसने जुन्या स्केटवर 10,000 मीटर 13 मिनिटं 30.55 सेकंदात मारली होती, वर्ल्ड रेकॉर्ड. 1998 ला नागानो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या जियानी रोमेने क्लॅप स्केटवर तीच रेस 13:15.33 मध्ये संपवली. पंधरा सेकंद! सगळं श्रेय बिजागरीला देता येणार नाही, पण बरंचसं तिचंच.

ब्लेड हातात घेऊन बघितलं तर जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि 40 सेंटीमीटरच्या आसपास लांब. तळ सपाट वाटतो पण नसतो, साधारण 22-25 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो बारीकसा तुकडा असतो. धार लावताना दोन्ही ब्लेड शेजारी शेजारी शिकंजात उलटी अडकवतात, वरून दगड फिरवतात, मग कडेला आलेली धातूची बारीक खरखरीत किनार छोट्या दगडाने काढतात आणि नखावर घासून बघतात.

खरा शत्रू मात्र हवा. बर्फाचं घर्षण फारच कमी, ताकद बहुतेक हवा कापण्यातच जाते, म्हणून ते कमरेत वाकणं, हात पाठीवर, अंगाला चिकटलेला टोपीवाला सूट. सॉल्ट लेक सिटीचा रिंक समुद्रसपाटीपासून 1400 मीटरवर, हवा विरळ, त्यामुळे तिथे रेकॉर्डं पडतात. 2019 मध्ये रशियाच्या पावेल कुलिझनिकोव्हने तिथे 500 मीटर 33.61 सेकंदात मारली, म्हणजे उभ्यापासून सुरुवात धरूनही सरासरी ताशी 53 किलोमीटरच्या वर.

हे झालं लाँग ट्रॅकचं, 400 मीटरचा ट्रॅक, दोघं दोघं धावतात आणि दर फेरीला लेन बदलतात. शॉर्ट ट्रॅक म्हणजे वेगळीच भानगड. फेरी फक्त 111.12 मीटर, सगळे एकत्र, धक्काबुक्की, त्यामुळे हेल्मेट आणि मानेला संरक्षण सक्तीचं. इथे क्लॅप स्केट चालत नाही, ब्लेड पक्कंच लागतं. वळण सतत डावीकडे, म्हणून ब्लेड बुटाच्या मधोमध न लावता डावीकडे सरकवून लावतात, नाहीतर एवढं झुकल्यावर बूटच बर्फाला टेकेल. हात तर टेकतोच, त्यासाठी डाव्या ग्लोव्हच्या बोटांना कडक गुळगुळीत टोप्या असतात.

आणि नशीब? 2002 च्या ऑलिंपिकमध्ये शॉर्ट ट्रॅकच्या 1000 मीटर फायनलला शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही एकमेकांत अडकून पडले, आणि सगळ्यात मागे राहिलेला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी आरामात सरकत गोल्ड घेऊन गेला.