पदवी सीमेपलीकडे कशी चालू लागली: मान्यतेच्या करारांची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाचा इतिहास बहुधा शिष्यवृत्त्यांच्या अंगाने सांगितला जातो: १९२५ साली सुरू झालेली जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था डीएएडी, १९४६चा अमेरिकेचा फुलब्राइट कायदा, १९५१ची कोलंबो योजना. पैशाची सोय झाली की विद्यार्थी जातो, हे खरेच. पण तिकडे केलेला अभ्यास इकडे धरला जाईल का, हा प्रश्न पैशाने सुटत नाही. त्याचे उत्तर शोधायला युरोपला जवळपास अर्धे शतक लागले. त्यातला निर्णायक बदल योजनांपेक्षा एका करारातल्या कलमांनी घडवला. पदवी तोडीची आहे हे विद्यार्थ्याने दाखवून द्यायचे, की ती नाही हे विद्यापीठाने, हा खरा मुद्दा होता.

सुरुवात कौन्सिल ऑफ युरोप या, युरोपीय समुदायाहून वेगळ्या, आंतरदेशीय संघटनेने केली. १९५३च्या कराराने शालान्त प्रमाणपत्रावर दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात प्रवेशाचा मार्ग मोकळा केला, १९५६च्या कराराने परदेशात काढलेल्या सत्रांचा विषय घेतला, तर १९५९च्या कराराने पूर्ण पदवीचा. यातला मधला करार सर्वांत लंगडा होता. ठोस हमी होती ती आधुनिक भाषांच्या विद्यार्थ्यांना, बाकीच्यांचे विद्यापीठाच्या मर्जीवर. रोमची कायद्याची विद्यार्थिनी सोफिया कोराडी फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेली आणि पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ साली परतली, तेव्हा तिच्या विद्यापीठाने तो अभ्यास जमेस धरायला साफ नकार दिला. पुढे तिने इटलीच्या कुलगुरूंच्या परिषदेतून या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि इरॅस्मस या युरोपच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेची आई म्हणून ती ओळखली गेली.

युनेस्कोने हीच कल्पना प्रदेशवार नेली: लॅटिन अमेरिका १९७४, अरब देश १९७८, युरोप १९७९, आफ्रिका १९८१, आशिया-प्रशांत १९८३. करार झाले, सह्या झाल्या, पण भाषा सदिच्छेची राहिली. तपासणी दोन अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून, पेपरला पेपर लावूनच चालत असे. तिकडे दोन विषय कमी दिसले की पदवी नामंजूर.

युरोपीय समुदायाची, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वसुरीची, अडचण वेगळीच होती. १९५७च्या रोम करारात शिक्षण हा विषयच नव्हता, फक्त व्यावसायिक प्रशिक्षणाचे एक कलम होते. १९७६पासून विद्यापीठांच्या विभागांना संयुक्त अभ्यासक्रमांसाठी थोडे अनुदान मिळू लागले, पण त्यापुढे जायला कायदेशीर आधार कुठून आणायचा? तो न्यायालयाने पुरवला. बेल्जियममधल्या लीज शहरात चित्रकथांची कला शिकायला गेलेल्या फ्रान्स्वाझ ग्राव्हिए या फ्रेंच विद्यार्थिनीकडून, स्थानिकांना न लागणारी जादा फी मागितली गेली. १३ फेब्रुवारी १९८५च्या निकालात युरोपीय न्यायालयाने ही फी भेदभाव ठरवली, आणि विशिष्ट व्यवसायासाठी पात्र करणारे कोणतेही शिक्षण व्यावसायिक प्रशिक्षणात मोडते असे म्हटले. त्या व्याख्येत विद्यापीठातले बहुतेक शिक्षण येऊन बसले. अर्थसंकल्पावरून सदस्य देशांत बरीच ओढाताण झाल्यावर १५ जून १९८७ रोजी इरॅस्मस योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले.

संख्या वाढली तशी परतल्यावरच्या हिशेबाची ओरडही वाढली. म्हणून १९८९ साली व्यवसाय प्रशासन, इतिहास, वैद्यक, रसायनशास्त्र आणि यांत्रिकी अभियांत्रिकी या पाच विषयांत ईसीटीएस ही, एका विद्यापीठातला अभ्यास दुसऱ्यात जमा करण्याची, क्रेडिट पद्धत प्रायोगिक तत्त्वावर आली. पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट, सत्राला ३०. पुढे ठरल्याप्रमाणे एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरतात. हे तास व्याख्यानांचे नव्हेत, तर वाचन, प्रयोगशाळा, निबंध आणि परीक्षेची तयारी धरून विद्यार्थ्याच्या एकूण श्रमाचे. सर्वाधिक घोळ इथेच होतो. तीस तासांच्या व्याख्यानांचा विषय सहा क्रेडिटचा असेल तर उरलेले एकशेवीस ते दीडशे तास वर्गाबाहेरचे असतात. फक्त वेळापत्रक पाहणारा अधिकारी त्याला हलका समजतो आणि क्रेडिट कापतो.

यावर उपाय म्हणजे निघण्यापूर्वीचा अभ्यास करारनामा. तिकडे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट किती आणि इकडे ते कशाच्या बदल्यात धरले जाणार, हे लिहून विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. परतताना यजमान विद्यापीठ गुणपत्रक पाठवते आणि करारनाम्याशी ताळा घालून क्रेडिट जमा होतात. कागदावर सरळ वाटते. प्रत्यक्षात यजमानांची विषयसूची जुनी निघते, निवडलेला विषय त्या सत्रात नसतो किंवा दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात. विषय बदलणे मग भागच असते, पण सुधारित करारनाम्यावर पुन्हा तिन्ही सह्या घ्यायच्या राहून जातात आणि परतल्यावर तो विषय कुठल्याच रकान्यात बसत नाही.

गुणांचे रूपांतर हे त्याहून चिवट दुखणे. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ ला उत्तीर्ण. इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला. जर्मन विद्यापीठांत वापरले जाणारे बव्हेरियन सूत्र असे: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, उत्तराला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. इटलीतले २७ यातून १.७५ होतात, म्हणजे चांगलेच. फ्रान्समधले १४ मात्र २.८ होतात, म्हणजे जर्मनीत जेमतेम समाधानकारक. फ्रान्समध्ये १४ म्हणजे ‘चांगला’ शेरा, आणि १६च्या वर फारच थोडे पोचतात. सूत्र अंतर मोजते, गुण देण्यातला कडकपणा मोजत नाही. ईसीटीएसने आधी उत्तीर्णांना १०, २५, ३०, २५, १० टक्क्यांच्या पाच गटांत बसवून पाहिले. तेही रुळले नाही. २००९नंतर प्रत्येक विभागाने आपल्याकडे कोणते गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळतात याचा तक्ता द्यावा, अशी शिफारस आली. तक्ते दोन्हीकडे असतील तर ही पद्धत चालते, एकाकडे नसेल तर सगळे पुन्हा सूत्रावर येते.

कौन्सिल ऑफ युरोप आणि युनेस्को यांचा संयुक्त करार ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बनमध्ये झाला आणि १ फेब्रुवारी १९९९पासून अमलात आला. सुरुवातीला म्हटलेली कलमे याच करारातली. मोठा, मूलभूत फरक दाखवता आला तरच मान्यता नाकारायची, आणि अर्ज अटी पुऱ्या करत नाही हे सिद्ध करण्याचा भार तपासणाऱ्या संस्थेवर. नकाराची कारणे द्यायची, अपिलाची सोय ठेवायची. पदवी वेगळी आहे एवढ्याने आता भागत नाही. त्या वेगळेपणामुळे पुढचा अभ्यास झेपणार नाही, असे दाखवावे लागते. कागदपत्रे हरवलेल्या निर्वासितांसाठीही कलम आहे. बरीच वर्षे ते नावापुरतेच राहिले, २०१७पासून कौन्सिल ऑफ युरोपने मुलाखतीवर आधारित पात्रता पारपत्र देऊन ते वापरात आणले.

लिस्बनपेक्षा इटलीतल्या बोलोन्याच्या जाहीरनाम्याचे नाव जास्त गाजले. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटनच्या मंत्र्यांनी २५ मे १९९८ला पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये, आणि २९ देशांनी १९ जून १९९९ला बोलोन्यात जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पदवी, पदव्युत्तर आणि पुढे पीएचडी अशी समान रचना त्यातून आली. पण बोलोन्याचा जाहीरनामा हा कायदेशीर करार नाही. न्यायालयात उभा राहणारा मजकूर लिस्बनचा, हे अनेक जण विसरतात. बोलोन्याने रुजवलेली कामाची वस्तू म्हणजे पदवीसोबतची आठ भागांची पुरवणी: ती २००५पासून प्रत्येकाला आपोआप आणि फुकट द्यायची, असे २००३च्या बर्लिन बैठकीत ठरले. आठवा भाग त्या देशाच्या उच्च शिक्षण व्यवस्थेचा असतो. परक्या देशातल्या तपासनिसाला तोच सर्वांत उपयोगी.

राजकारणाची झळ यालाही लागते. स्थलांतरावरच्या सार्वमतानंतर २०१४ साली स्वित्झर्लंड इरॅस्मसमधून बाहेर पडले. रशिया आणि बेलारूसचे, जाहीरनाम्यातून पुढे चालू राहिलेल्या बोलोन्या प्रक्रियेतले प्रतिनिधित्वाचे हक्क २०२२ साली स्थगित झाले.

लिस्बनचे सूत्र नंतर बाहेरही गेले: आशिया-प्रशांतसाठी टोकियो २०११, आफ्रिकेसाठी अदिस अबाबा २०१४, लॅटिन अमेरिकेसाठी ब्युनोस आयर्स २०१९. प्रदेशाबाहेर जाणाऱ्यांसाठी युनेस्कोचा जागतिक करार २५ नोव्हेंबर २०१९ला स्वीकारला गेला आणि वीस देशांच्या अनुमोदनानंतर ५ मार्च २०२३ला लागू झाला. बेनेलक्स (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) आणि बाल्टिक (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) देश एक पाऊल पुढे गेले. २०२१ साली सह्या झालेला त्यांचा करार १ मे २०२४पासून लागू आहे, आणि त्यांच्यात पदवीची पातळी आपोआप मान्य होते, तपासणीच नाही. मात्र यात पातळीच मान्य होते, प्रवेश नव्हे. इतिहासाच्या पदवीधराला भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात घ्यायचे की नाही, हे विद्यापीठच ठरवते, आणि डॉक्टर किंवा वास्तुविशारद म्हणून काम करण्याचा परवाना वेगळ्याच नियमांखाली मिळतो.